गच्चीवरचा टर्नर

उद्यमनगरातल्या कुठल्याही गाळ्यात शिरावं, "मेस्त्री, एवढं एक बुश काढून द्या की," म्हणावं, आणि मेस्त्रींनी मागवलेला चहा येईस्तोवर बुश हातात पडावं, ही कोल्हापूरची जुनी सोय आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यात रोज बिडाचा रस ओतला जातो आणि इथली कास्टिंगं देशभरच्या मोटारी-ट्रॅक्टरांत जाऊन बसतात. अशा गावात एखादा माणूस स्वतःच्या गच्चीवर पत्र्याची शेड मारतो आणि तिच्यात संगणकावर चालणारं, शिलाई मशीनपेक्षा थोडं मोठं लेथ बसवतो, तेव्हा शेजाऱ्यांना ते समजावून सांगावं लागतं. हा माणूस पेशाने टर्नर कधीच नसतो. तो बँकेत अधिकारी असतो, नाहीतर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, नाहीतर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला असतो. बिडाच्या राजधानीत राहून त्याच्या मशीनचा बेड मात्र ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलचा असतो आणि तो कुरिअरने आलेला असतो. घरच्यांच्या मते तो वर जाऊन काहीतरी बनवतो. उद्यमनगराच्या मते त्याला काही बनवता येत नाही. माझ्या मते दोन्ही मतं चुकीची आहेत. तो वाईट टर्नर नाही, कारण तो टर्नरच नाही. त्याचा खरा उद्योग संशय घेण्याचा आहे. त्या संशयाला एक पक्का क्रम आहे, आणि तो क्रम बरोबर उलटा आहे.

मशीन बिघडलं की, म्हणजे बहुधा दर रविवारी, त्याचा पहिला संशय सॉफ्टवेअरवर जातो. "भावा, कंट्रोलरच गंडलाय," हे वाक्य मिसळीचा कट वाढून घेता घेता म्हणता येतं, ही त्यातली मोठी सोय. मग संशय ड्रायव्हरवर येतो, मग मोटारीवर, मग बॉलस्क्रूवर. यातलं प्रत्येक निदान नवीन काहीतरी मागवायला लावतं. जॉब चकात नीट बसलाय का, टूल किती बाहेर काढलंय, त्याचं टोक सेंटरला आहे का, हे प्रश्न सर्वांत शेवटी येतात. ज्याला पैसे लागत नाहीत आणि फक्त वाकून बघावं लागतं, असं कारण त्याला पटतच नाही. छोट्या लेथचे बहुतेक आजार मात्र याच फुकटच्या यादीतले असतात.

पुरावा अगदी साधा आहे. फेसिंग करताना टूल मध्यापर्यंत जातं आणि नेमक्या मध्यावर धातूचं एक बारकं बोंड उरतं. टूलचं टोक सेंटरला नाही, बहुधा खाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. उद्यमनगरात पहिल्या वर्षाचं पोरगंही बार आणि टूलचं टोक यांच्यामध्ये पोलादी पट्टी अलगद धरतं. पट्टी उभी राहिली तर टूल बरोबर. पट्टीचा माथा आपल्याकडे झुकला तर टूल खाली, पलीकडे झुकला तर वर. मग टूलखाली पत्र्याचा तुकडा सारायचा किंवा काढायचा, संपलं. आपला माणूस मात्र बोंड पाहून प्रोग्रॅम उघडतो. टूल मध्याच्याही पुढे अर्धा मिलिमीटर जाईल अशी ओळ घालतो आणि बोंड मोडून पडलं की प्रश्न सुटला म्हणून नोंद करतो. टूल होतं तिथेच, खाली.

ते खाली राहिलेलं टूल पुढे जो सूड घेतं तो भूमितीने घेतलेला असल्यामुळे फारच रंजक आहे. टोक सेंटरच्या अर्धा मिलिमीटर खाली आहे असं धरू. 40 मिलिमीटर व्यासाचा बार कापताना त्याने येणारी चूक सव्वाशतांश मिलिमीटर, म्हणजे व्हर्निअरवर दिसणारही नाही. त्याच टूलने, त्याच सेटिंगवर 4 मिलिमीटरची पिन काढायला गेलं तर ती 4.12 भरते. मोठा जॉब बरोबर आणि बारका जाड, हे पाहिल्यावर संगणक शिकलेल्या माणसाच्या मनात एकच विचार येतो, की सॉफ्टवेअरचं गणित व्यासाप्रमाणे बदलतंय. गणित खरंच व्यासाप्रमाणे बदलतंय, फक्त ते पायथागोरसचं आहे. त्याला कुठल्याही आवृत्तीत दुरुस्ती आलेली नाही.

टेपरची कथाही याच वळणाची. चकाजवळ 12 आणि टोकाला 12.08 असा बार निघाला की तो ताबडतोब Z अक्षाची मोटार वायरीसकट बदलायच्या बेतात असतो. बार व्यासाच्या तीन-चार पटींहून जास्त लांब बाहेर काढला आणि टेलस्टॉकचा आधार दिला नाही, तर टूल त्याला ढकलतं, तो पलीकडे वाकतो आणि टोकाला जाड राहतो. आधी आखूड, जाड बारावर दोन कॉलर ठेवून दोन्ही एकाच कटात घ्यावेत आणि मोजावेत. सारखे निघाले तर दोष लांबीचा, फरक निघाला तर हेडस्टॉक वाकडा आहे नाहीतर बेड पिळलेला आहे. अर्ध्या तासाचं काम. चॅटरच्या बाबतीत तर त्याची समजूत उपायाच्या थेट विरुद्ध दिशेला पळते. जॉबवर लाटा उठल्या, मशीन किंचाळलं, की तो घाबरून फीड कमी करतो. टूल कापायच्या ऐवजी घासायला लागतं आणि किंचाळणं वाढतं. आरपीएम उतरवावा, फीड थोडा वाढवावा आणि सर्वांत आधी टूल आत ढकलावं. टूल होल्डरच्या बाहेर 20 मिलिमीटरऐवजी 40 मिलिमीटर काढलं तर त्याचं वाकणं दुप्पट होत नाही, आठपट होतं. पण ॲलन की घेऊन टूल आत ढकलण्यात कसली आलीय शान!

यावर त्याची बाजू घेणारे म्हणतील की इलेक्ट्रॉनिक्स खरंच बिघडतं, सगळं खापर टूलवर फोडू नका. आक्षेप रास्त आहे. अशा मशीनवरच्या साध्या स्टेपर मोटारी आंधळ्या असतात. संगणक "जा" म्हणतो, मोटार पोहोचली का हे त्याला कधी कळत नाही. सरकत्या भागांचे गिब फार आवळले, प्रवेग जास्त ठेवला की मोटार अडखळते आणि पावलं गळतात. परंतु गळतीचीही एक सही असते. 200 पावलांच्या मोटारीला 5 मिलिमीटर पिचचा स्क्रू थेट जोडला असेल, तर एक पाऊल म्हणजे 0.025 मिलिमीटर. मोटार घसरते ती चार-चार पावलांनी. म्हणून X अक्षावर चूक येते ती व्यासात 0.2, मग 0.4, मग 0.6 अशा उड्या मारत, आणि एका जॉबवरून दुसऱ्यावर साठत जाते. स्क्रूत प्ले असेल तर चूक तेवढीच राहते आणि दिशा उलटली की दिसते. जॉब बरोबर दुप्पट किंवा बरोबर निम्मा निघाला तर प्रोग्रॅम व्यासात लिहिलाय आणि मशीन त्रिज्येत वाचतंय. आटे पाडताना दुसरा पास पहिल्याच्या घळीत पडला नाही, तर स्पिंडलच्या फेरीचा सिग्नल नाहीतर ढिला पट्टा पाहावा. थोडक्यात, बिघाड स्वतःचं नाव सांगत असतो. फक्त एकसारखे पाच जॉब काढून मायक्रोमीटरने मोजावे लागतात आणि आकडे वहीत लिहावे लागतात. आपला माणूस एक जॉब काढतो, एकदा मोजतो आणि तीन मोटारी मागवतो.

इलेक्ट्रॉनिक्सचा एक आरोप मात्र वारंवार सिद्ध होतो, आणि तिथेच त्याचा खरा विरस होतो. खाली स्वयंपाकघरात मिक्सर लागला की वर मशीन एकाएकी थांबतं आणि पडद्यावर लिमिट स्विच दाबला गेल्याचा इशारा येतो. स्विचला कोणी हातही लावलेला नसतो. मिक्सर किंवा स्पिंडलचा वेग सांभाळणारा व्हीएफडी यांचा विजेचा गोंगाट सिग्नलच्या वायरीत शिरलेला असतो. शिल्डेड वायर घ्यावी, तिची जाळी एकाच टोकाला अर्थ करावी, मोटारीच्या वायरीपासून ती लांब न्यावी, हे उपाय तो अतिशय आनंदाने करतो, कारण त्यात खरेदी आहे. तरी गोंगाट राहतोच. मंगळवार पेठेतल्या जुन्या घराचं अर्थिंग कोरडं पडलेलं असतं. वायरमन येतो, मीठ-कोळशाच्या त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततो आणि मशीन शहाण्यासारखं चालू लागतं. महिनाभर अभ्यासलेल्या बिघाडाचं बादलीभर पाण्याने निवारण होणं हा अपमान तो लवकर विसरत नाही. उन्हाळ्यात त्या खड्ड्याला पाणी घालायची पाळी पुढे वहिनींकडे जाते.

हा उलटा क्रम मूर्खपणातून येतो असं मला वाटत नाही. माणूस हुशारच असतो. कारण कोल्हापूरच्या प्रतिष्ठेच्या शिडीत आहे. या गावात मोठेपणा हाताला आहे. पैलवानाचा हात, चांदी घडवणाऱ्या हुपरीकराचा हात, मेस्त्रीचा हात. मेस्त्री चालत्या मशीनच्या आवाजावरून सांगतो की टूल बसलंय. तो हात आपल्याला नाही हे चाळिशीत कळलेल्या माणसाने संगणकाचं लेथ घेतलेलं असतं, कारण संगणकाला हात लागत नाही असं त्याला वाटतं. 1952 साली अमेरिकेत एमआयटीने आकड्यांवर चालणारं पहिलं मिलिंग मशीन दाखवलं, तेव्हापासून जगभर हीच आशा विकली जातेय. संगणकाने हाताचं सरकवणं तेवढं घेतलं. बसवणं, आवळणं, टेकवणं आणि मोजणं हाताकडेच राहिलं. म्हणून टूल अर्धा मिलिमीटर खाली आहे हे मान्य करणं म्हणजे ज्या हातापासून पळालो तोच पुन्हा लागतोय हे मान्य करणं. त्यापेक्षा कंट्रोलर गंडलेला बरा.

इथे कुणीतरी बाबुराव पेंटरांचं नाव काढणार हे नक्की. कोल्हापुरात कुठल्याही हौशी खटपटीच्या बचावाला तेच येतात. त्यांनी आणि आनंदराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घरच्या घरी बनवायला घेतला तेव्हाही गावाने हसूनच घेतलं असेल. 1916 मध्ये आनंदराव गेले, तरी बाबुरावांनी सहकारी दामल्यांना सोबत घेऊन 1918 मध्ये तो कॅमेरा पुरा केला. दाखला मोठा आहे, पण तो बचाव पक्षाच्या उपयोगाचा नाही. बाबुरावांना कॅमेरा नको होता, चित्रपट हवा होता. 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. प्रत्येक बिघाड त्यांच्या वाटेत आडवा होता, म्हणून तो हटवावाच लागला. गच्चीवरच्या टर्नरला मशीनने काय बनवायचंय असं विचारून पाहा. उत्तर बहुधा असं येतं, की आधी या मशीनसाठीच एक चांगला टूल होल्डर बनवायचाय.

उलट बाजूचा आक्षेप मला अधिक खरा वाटतो. म्हणजे, या माणसाला हसणाऱ्या मेस्त्रीला त्या गच्चीवरच्या मशीनवर उभं करा, मग बघू. मेस्त्रीचं मशीन टनावारी बिडाचं असतं आणि बीड कंप गिळून टाकतं. त्याच्या टूलची, फीडची, जॉब धरण्याची लहानसहान चूक त्या वजनाखाली दबून जाते. गच्चीवरचं ॲल्युमिनियम काहीच दाबत नाही. तिथे प्रत्येक चूक ऐकू येते. मेस्त्री सवयीने दोन मिलिमीटरचा कट घेतो आणि मशीन टेबलासकट चालू लागतं. फीड वाढवायला त्याचा हात हँडल शोधतो, आणि हँडल तर नाही! तो आकडा प्रोग्रॅमच्या सातव्या ओळीत बसलाय. शिवाय शिरोलीत आता सीएनसी मशीनं रांगेने उभी आहेत. त्यांच्या पडद्यावर अलार्म आला की मोठमोठे मेस्त्रीही सर्व्हिस इंजिनिअरची वाट पाहत बसतात. ज्याला एन्कोडर, पॅरामीटर आणि गोंगाट यांची भाषा येते असा माणूस त्याच गल्लीत, दोन जिने वर बसलाय, हे त्यांना ठाऊक असतं. पण विचारायचं कोणी? टूलची उंची त्याने विचारायची नाही आणि अलार्मचा अर्थ यांनी विचारायचा नाही, असा हा दोन्हीकडून पाळला जाणारा रिवाज आहे.

तरीही कधीतरी, सगळे सुटे भाग बदलून झाल्यावर आणि दोष देण्यासारखं विकत काही उरलं नाही म्हणजे, तो पोलादी पट्टी हातात घेतो. ती झुकते. शीतपेयाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कात्रीने कापून तो टूलखाली सारतो, पुन्हा पट्टी धरतो, आणखी एक तुकडा सारतो. पुढच्या फेसिंगला बोंड उरत नाही. इथे आपल्याला वाटतं, आला माणूस ताळ्यावर. तो मात्र मायक्रोमीटर घेऊन बसलेला असतो. कुठल्या पेयाचा डबा, कडेला किती जाड आणि मध्यात किती, याचा तक्ता संगणकावर तयार होतोय, आणि त्यासाठी घरातल्या सगळ्यांना आठवडाभर वेगवेगळी पेयं प्यायला लावलेली आहेत.