नाका पुन्हा उघडा

स्वारगेट हे नाव कसं पडलं यावर पुण्यात दोन माणसांत तीन मतं निघतात. त्यातलं जास्त ऐकू येणारं मत असं, की इथे शहराच्या वेशीवर नाका होता, घोडेस्वार पहारा द्यायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायचे. पुढे स्वार गेले, गेट गेलं, एसटी स्टँड उरला. आमची मागणी साधी आहे. तो नाका पुन्हा उघडा.

मागणी सुचली ती स्टँडवरच. साताऱ्याच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या काकांनी फलाटावर उतरलेल्या पाचसहा पोरांकडे हनुवटीने खूण केली. पोरांजवळ थापी, ओळंबा, घमेलं आणि एक कळकट पंखा होता.

"बांगलादेशी," काका म्हणाले.

"कशावरून?"

"लुंगी."

लुंगीवरून देश ओळखण्याची ही विद्या महाराष्ट्रात जुनी आहे. 1960 च्या दशकात मुंबईत हीच लुंगी मद्राशाची होती. आता ती पद्मा नदीपलीकडची झाली. कापड तेच, चौकडाही तोच.

घुसखोर नसतातच, असं आम्ही म्हणत नाही. असतात, सापडतात, आणि त्यासाठी कायदाही आहे. 1 सप्टेंबर 2025 पासून तर कोरा करकरीत आहे. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय आलेल्या परदेशी माणसाला पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्यातलं आमचं आवडतं कलम वेगळंच, आणि ते 1946 च्या कायद्यापासून चालत आलेलं आहे. तुम्ही परके आहात असा प्रश्न निघाला, की आपण परके नाही हे तुम्हीच सिद्ध करायचं. याच स्टँडवर कुणी तुमचा खिसा कापला, तर कापणाऱ्याचा गुन्हा पोलिसांना सिद्ध करावा लागतो. खिसेकापू त्या मानाने सुखी.

तेव्हा नाक्याचा पहिला नियम ठरला: कागद दाखवा. सुरुवात शेजारच्या बाकावरूनच करावी म्हणून काकांना विचारलं, "आपण मूळचे कुठले?"

"इथलेच. पणजोबांपासून सदाशिव पेठ."

"त्याआधी?"

"त्याआधी गुहागर."

"घाट चढताना परवानगी घेतली होती?"

काकांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

खरं तर काकांचं काही चुकलं नव्हतं, परंपराच तशी. श्रीवर्धनच्या भटांच्या घरातले बाळाजी विश्वनाथ जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचाने कोकण सोडून देशावर आले. आजच्या भाषेत आश्रय मागणारे. आणि ज्या सिद्दीच्या जाचाने ते आले, त्याचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. आमचा नाका तेव्हा असता, तर बाळाजींना रहिवासी दाखल्यासाठी आठवडाभर थांबवून परतीच्या होडीत बसवलं असतं. तो नसल्यामुळे 1713 मध्ये शाहू महाराजांनी त्यांना पेशवाईची वस्त्रं दिली, आणि पुढे त्यांच्या मुलाने शनिवारवाडा बांधला. वाड्याच्या पायात किती पुणेरी आणि किती उपरे गवंडी राबले, याची मोजदाद कुणी केली नाही. 29 सप्टेंबर 2024 ला उघडलेलं स्वारगेटचं भुयारी मेट्रो स्टेशन खणतानाही कुणी मजुराची लुंगी पाहिली नव्हती. खड्डा खोल असला की माणसाचा प्रांत दिसत नाही.

काका आता बचावावर आले. "आमचं वेगळं. आमचा पुतण्या न्यू जर्सीत आहे."

हे वेगळं असतंच. मराठीनेच सोय करून ठेवली आहे. आपण 'स्थायिक' होतो, ते 'घुसतात'. त्यांचे 'लोंढे' येतात. आपला मुलगा लोंढ्यातून कधीच जात नाही, तो ऑनसाइट जातो. 5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून 104 भारतीय हातापायांत बेड्यांसह अमृतसरला उतरले. त्यात महाराष्ट्रातलेही तिघे होते. तेव्हा काकांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं म्हणे. त्याच वर्षीच्या जूनमध्ये महाराष्ट्रात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही माणसांना संशयावरून धरून थेट बांगलादेशात ढकललं. ते भारतीय निघाले, परत आणावे लागले. त्या दिवशी काकांनी श्रीखंड खाल्लं की नाही, ते विचारायचं राहिलं.

फिरणाऱ्या माणसालाच गुन्हेगार ठरवायची युक्ती काही आपल्या डोक्यातून निघालेली नाही. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. पुढे सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत केली, हजेरी लावली. 1952 मध्ये तो कायदा गेला. समोरच्या फलाटावरून सोलापूरची गाडी सुटते, तिच्यात आजही पारध्याच्या बाईशेजारची जागा शेवटी भरते.

आमच्या नाक्याला सरकारी मंजुरीचीसुद्धा गरज नाही, काही ठिकाणी तो सुरूच झाला आहे. 2025 च्या जुलैत पुण्यातल्याच चंदननगरला एका मुस्लिम कुटुंबाच्या दारात रात्री जमाव आला आणि नागरिकत्वाचा पुरावा मागू लागला. आधारकार्डं दाखवली तर खोटी म्हणाले, अशी घरच्यांची तक्रार. त्याच घरातले एक जण कारगिलला लढलेले. सीमेवर पहारा दिलेल्या माणसाच्या घरच्यांना सीमेच्या आतले असल्याचा पुरावा मागितला. नाक्याची याहून चोख सेवा आमच्याच्याने झाली नसती.

सातारा गाडी लागली. काका आधी चढले आणि खिडकीत रुमाल टाकून जागा धरली. बाकी सगळे उपरे.

सदर नाक्याबाबत नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना पंधरा दिवसांत लेखी कळवाव्यात. सोबत पणजोबांच्या जन्माचा मूळ दाखला जोडावा. झेरॉक्स चालणार नाही.