बाबांचा एसी आणि आमचं नळकांडं

डुसेलडॉर्फ, 12 मे

ती. आई-बाबांस,


बाबा, एसीच्या दुकानातले तुम्ही पाठवलेले सगळे फोटो मिळाले. निम्म्या फोटोंत एसी कमी आणि मामाच जास्त दिसतात. फोनवर तुम्ही एक सांगता, आई दुसरं, आणि मामा मागून तिसरंच ओरडतात, म्हणून शेवटी पत्र लिहायला बसले. पत्रात मला कुणी मधेच तोडू शकत नाही.

तुमचा पहिला प्रश्न : जर्मनीत घरी कुठला एसी वापरतात? बहुतेक घरांत कुठलाच नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं तुम्ही आल्या-गेल्याला ऐकवता, त्यातल्या जर्मनीत आज 13 अंश आहे आणि तुमचे जावई स्वेटर घालून बसलेत. पण जुलैत हीच जर्मनी परभणीवर जाते. 25 जुलै 2019 ला इथून जवळच, ड्युसबर्गला 41.2 अंशांची नोंद झाली. घरं बांधलेली थंडीसाठी. आत शिरलेली ऊब बाहेर जाऊच नये, अशी. छताला पंखासुद्धा नाही.

स्प्लिट एसी बसवावा म्हटलं, तर भिंतीला भोक पाडायला घरमालकाची परवानगी लागते. घर स्वतःचं असलं तरी इमारतीतल्या सगळ्या मालकांच्या सभेत ठराव व्हावा लागतो. आमच्या घरमालकीणबाईंनी अर्ज वाचला आणि शांतपणे सांगितलं, ‘दिवसा खिडकीबाहेरचं शटर पाडा, पहाटे खिडक्या उघडा.’ राग आला, पण बाई चुकीचं बोलत नव्हत्या.

मग आम्ही चाकांवरचा एसी आणला. सगळं यंत्र एकाच डब्यात. मागे हे जाड नळकांडं, ते खिडकीतून बाहेर काढायचं. इथल्या खिडक्या आत उघडतात, म्हणून फटीला चेन लावलेलं कापड चिकटवायचं. मग हा डबा खोलीतली हवा नळकांड्यातून बाहेर फेकतो आणि तेवढीच गरम हवा दाराखालून गुपचूप आत येते. आवाज तर असा, की जावई ‘थंड वाटतंय का?’ विचारतात आणि मी ‘दूध संपलंय’ म्हणून उत्तर देते. तेव्हा मामांनी फोटोत ज्या ‘भिंत न फोडता’वाल्या डब्यावर हात ठेवलाय, तो हात काढून घ्या म्हणावं.

आता आपल्या घराचं. मामांना वाटतं दोन टनांचा एसी म्हणजे वजन दोन टन, आणि भिंत खचेल. त्यांना सांगा, पूर्वी गारवा बर्फाने मोजत. एक टन बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेईल, तेवढी उष्णता खोलीतून उपसणारं यंत्र ते एक टनाचं. आपली झोपायची खोली बारा बाय बाराची. तळमजल्यावर असती तर एक टन पुरला असता. पण डोक्यावर तापलेला स्लॅब आणि पश्चिमेची भिंत, म्हणून दीड टन. दोन टन फक्त दुकानदाराला हवाय.

आई विंडो एसी म्हणते, कारण तो स्वस्त आणि बसवायला सोपा. पण तो खिडकी खातो, आणि त्याची घरघर रात्रभर उशाशी. स्प्लिटच घ्या, तोही इन्व्हर्टरचा. साधा एसी धडाक्यात चालू होतो, बंद पडतो, पुन्हा धडाक्यात सुरू; इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर गरजेपुरता वेग कमी करून चालत राहतो. मेमधल्या परभणीत रात्र-रात्र चालवायचा, तर फरक बिलात दिसतो. स्टारचं लेबल बघताना ते कुठल्या सालचं तेही वाचा. आणि 2020 पासून आपल्याकडे एसी सुरू केला की आपोआप 24 वर येतो. तो तसाच राहू द्या. एकेक अंश वर ठेवला की वीज साधारण 6 टक्के वाचते. मामांसारखा 16 वर लावून वर दुलई घेऊ नका.

बाबा, बाहेरचं युनिट दर्शनी भिंतीवर, रस्त्यावरून दिसेल असं लावायचा तुमचा बेत आईने मला कळवलाय. ती भिंत पश्चिमेची. जे यंत्र घरातली उष्णता बाहेर टाकणार, त्यालाच दुपारभर उन्हात उभं करायचं? मागे उत्तरेला लावा. शेजाऱ्यांना तोंडी सांगता येईल.

आणि त्याआधी स्लॅबवर पांढरा चुना मारून घ्या. आजोबांच्या सोनपेठच्या घराला माळवद होतं, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भर दुपारी आत घोंगडीवर झोप लागायची आणि बिल शून्य.

कूलर मात्र भंगारात घालू नका. एप्रिल-मेमधल्या आपल्या कोरड्या हवेत त्याच्यासारखा गडी नाही. एसीच्या मानाने वीज अगदी थोडी. गवत बदला, खिडकी किलकिली ठेवा आणि दिवसा हॉलमध्ये चालवा. पाणी पितो, हे खरं. नळ कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून टाकीवर लक्ष ठेवा. मृगाचा पाऊस पडला की त्याचा उपयोग संपला, मग नुसती चिकचिक. एकाच खोलीत एसी आणि कूलर दोन्ही लावायचा मामांचा प्रयोग आपल्याकडे होऊ देऊ नका. कूलर हवेत पाणी घालतो, एसी तेच पाणी पिळून बाहेर टाकतो, आणि दोघांचं बिल आपण भरतो.

एसीला मीटरपासून वेगळी वायर, चांगलं अर्थिंग आणि स्टॅबिलायझर, एवढं वायरमनकडून उभं राहून करून घ्या. बिल आणि वॉरंटी आईच्या नावावर करा. रिमोट तसाही तिच्याच उशीखाली राहणार आहे.

तुमची,
ताई