गोड करीचा तिखट निषेध

मुंबईच्या उपनगरांत परदेशी पदार्थाला राहायची परवानगी मिळते, पण अटींवर. एक, त्याची जैन आवृत्ती निघाली पाहिजे. दोन, त्याच्यावर शेजवान चटणी घालता आली पाहिजे. तीन, वरून चीज किसून तो दिसेनासा करता आला पाहिजे. या तिन्ही परीक्षा जो पास झाला, तो इथलाच झाला. पिझ्झा झाला, पास्ता झाला, मेक्सिकोचा टाको तर घाटकोपरच्या खाऊगल्लीत असा काही मुरलाय की आता रेशनकार्ड तेवढं मिळायचं बाकी आहे. जपान मात्र बरीच वर्षं या परीक्षेला बसलाच नव्हता. कच्चा मासा घेऊन मुलुंडच्या दारात उभं राहायचं म्हणजे छातीच पाहिजे.

मग जपानने करी पाठवली.

आमच्या घरात ही बातमी लेकीने आणली. ती जपानी ॲनिमे बघते. (त्याला कार्टून म्हटलं की ती दिवसभर बोलत नाही.) त्यातली माणसं सदानकदा जेवत असतात आणि समोरची करी अशी वाफाळती काढलेली असते की बघणारा नुकताच जेवून उठला असला तरी पुन्हा पानावर बसेल. अंधेरी पश्चिमेला लिंक रोडच्या बाजूला अशा करीचं एक साधंसं हॉटेल निघालंय, असं कळल्यावर तिने घरातल्या सगळ्यांना तयार केलं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, समजवावं लागलंच नाही. "करी ना? मग बघायलाच हवी," ते म्हणाले. हे ते परीक्षकाच्या आवाजात म्हणाले, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

अण्णा मूळचे मालवणचे आणि अख्खी नोकरी माझगाव डॉकमध्ये केलेले. तयारीशिवाय ते दूध आणायलाही जात नाहीत. जपान म्हणजे काड्यांनी खायचं, हे गृहीत धरून ते रोज संध्याकाळी बाल्कनीत बसून नातीच्या दोन पेन्सिलींनी शेंगदाणे उचलू लागले. सुरुवातीचे सगळे शेंगदाणे खालच्या मजल्यावरच्या तुळशीला वाहिले गेले. पण शनिवारपर्यंत खारा दाणा सालासकट तोंडापर्यंत पोचायला लागला होता.

मुलुंडहून लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रो. २०१४ साली ही मेट्रो सुरू झाल्यापासून पूर्वेकडच्या माणसाला अंधेरी परदेशात वाटत नाही. घाटकोपरला शाहभाई येऊन मिळाले. डॉकमधले अण्णांचे जुने सहकारी, पक्के जैन. त्यांना कोणी बोलावलं, हा प्रश्न आम्ही विचारला नाही, कारण अण्णांनीच बोलावलं होतं.

हॉटेलचं दार ढकललं तोच आतून चार-पाच जण एकदम ओरडले, "इराश्शाइमासे!" अण्णा दोन पावलं मागे सरले, मग सावरून हात जोडत तितक्याच जोरात म्हणाले, "रामराम!" आतले सगळे हसले. त्यातला काळा एप्रन घातलेला मॅनेजर चिपळूणचा निघाला. अण्णांनी पहिल्या पाच मिनिटांत त्याचं गाव, वाडी आणि आजोळ काढलं.

ऑर्डर शाहभाईंपासून सुरू झाली आणि तिथेच अडकली. जपानी घरगुती करीत भाज्या तीन: कांदा, बटाटा, गाजर. झाडून सगळ्या जमिनीखालच्या. जगभरच्या भाज्यांतून जैनांना न चालणाऱ्या तेवढ्याच निवडून काढायच्या म्हटलं तरी इतकी अचूक निवड जमली नसती.

"यातून ते तीन काढून मिळेल?" शाहभाईंनी विचारलं.

मॅनेजर आत जाऊन आला. "काका, भात मिळेल."

शेवटी भात आणि ओल्या सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा यांवर तडजोड झाली. शाहभाई शांत होते. त्यांच्या पिशवीत खाकऱ्यांचं पाकीट होतं, हे नंतर कळलं.

करी येईपर्यंत लेकीने इतिहास सांगितला. करी जपानला आपल्याकडून थेट गेलीच नाही. इंग्रजांनी इथले मसाले विलायतेला नेले, तिथे त्यांची डब्यातली पूड केली, पिठाने दाट केलेला रस्सा बनवला आणि मग एकोणिसाव्या शतकात तो विलायती पदार्थ म्हणून जपानला पोचवला. १८७२ साली छापलेल्या एका जपानी पुस्तकातल्या करीत तर चक्क बेडूक आहे. इथे शाहभाईंनी सोयाबीनची शेंग खाली ठेवली आणि भात जरा उलटापालटा करून पाहिला.

"पुढे ती नौदलात गेली," लेक म्हणाली. अण्णा खुर्चीत ताठ झाले. नौदल हा त्यांच्या घरचा विषय. पांढऱ्या भातावर जगणारे जपानी खलाशी बेरीबेरीने आजारी पडत होते. ताकाकी कानेहिरो नावाच्या नौदलाच्या डॉक्टरने १८८०च्या दशकात त्यांचं जेवण बदलून तो रोग आटोक्यात आणला. भाताबरोबर मांस, भाज्या आणि पीठ एकदम पोटात घालणारी करी या नव्या जेवणात चपखल बसली. आजही जपानच्या युद्धनौकांवर दर शुक्रवारी करी असते. समुद्रावर वार विसरायला होतो, तो लक्षात राहावा म्हणून, असं सांगतात.

"आमच्याकडे वार मासळीवरून कळतो," अण्णा म्हणाले. "नसली की सोमवार." पण एकूण त्यांचं मत अनुकूल झालं होतं.

आणि ताटं आली.

अर्ध्या ताटात चिकट पांढरा भात, अर्ध्यात गडद तपकिरी रस्सा, मधोमध बांधासारखं आडवं झोपलेलं चिकन काटसू, म्हणजे जाडसर ब्रेडच्या चुऱ्यात घोळून तळलेलं आणि पट्ट्या कापलेलं. कडेला लालसर लोणचं. आणि शेजारी एक मोठा स्टीलचा चमचा. अण्णांनी काड्या मागितल्या. करी जपानातही चमच्यानेच खातात, असं मॅनेजरने अदबीने सांगितलं. अण्णांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. खिशातल्या पेन्सिली खिशातच राहिल्या.

त्यांनी पहिला घास घेतला. मग दुसरा, खात्रीसाठी. मग चमचा ठेवला.

"गोड आहे."

"अण्णा, ती तशीच असते," बायको म्हणाली.

"सूनबाई, हे चिंचगुळाच्या आमटीला कुणीतरी पिठलं समजून ढवळल्यासारखं लागतंय. तिखट कुठाय?"

तिखटाचे आकडे मेनूत होते. अण्णांनी सर्वांत वरचा आकडा मागितला होता. तो मालवणात बारशाला चालला असता. लेकीने खुलासा केला, की मैदा लोण्यात परतून त्यात करीची पूड मिसळतात आणि त्याच्या चॉकलेटसारख्या वड्या पाडून विकतात. १९६३ साली बाजारात आलेल्या तिथल्या एका लाडक्या करीच्या वडीत तर सफरचंद आणि मध असतो, मुलांनी खावी म्हणून. या माहितीने अण्णांचं दुःख कमी झालं नाही. त्यांनी लोणचं चाखलं. तेही गोड. मग त्यांनी मॅनेजरला बोलावून हिरवी मिरची, लिंबू आणि कापलेला कांदा मागवला, चमचा बाजूला सारला आणि तो बांध मोडून भात-रस्सा-काटसूचा हाताने जो काला केला, तो पाहून पलीकडच्या टेबलावरचा फोटो काढणारा मुलगा फोटो काढायचा थांबला.

"आपल्या करीचं यांनी हे केलं," अण्णा कालवता कालवता म्हणाले. "कुणी काही बोललं नाही?"

"बोलले ना," लेक म्हणाली. "रासबिहारी बोस."

टेबलावर शांतता. रासबिहारी म्हणजे १९१२ साली दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंगवर बॉम्ब टाकण्याच्या कटातले. १९१५ साली ते जपानला निसटले. इंग्रज मागे लागले तेव्हा टोकियोतल्या नाकामुराया बेकरीच्या सोमा कुटुंबाने त्यांना लपवलं, पुढे त्याच घरची मुलगी त्यांनी केली. जपानात करी म्हणून जे विकतात, तो इंग्रजी प्रकार त्यांना पसंत नव्हता. १९२७ साली सासऱ्यांच्या त्या दुकानात त्यांनी अस्सल भारतीय पद्धतीची करी सुरू केली. नाकामुरायात ती आजही मिळते.

अण्णांनी मिरचीचा तुकडा तोडला. त्यांच्या चेहऱ्यावर आता हॉटेलात तक्रार करणाऱ्या पेन्शनराचा भाव नव्हता. स्वातंत्र्यलढ्याचा होता.

"बघ," ते मला म्हणाले. "मी काही चुकीचं बोलत नव्हतो."

वाद तिथे संपला असता. पण शाहभाईंनी खाकरा मोडला आणि अत्यंत सौम्यपणे विचारलं, "अण्णा, तुम्ही शुक्रवारी काय पार्सल नेता?"

अण्णा गप्प. शुक्रवारी अण्णा नाक्यावरून चायनीज भेळ नेतात. कोबी, तळलेल्या शेवया, लाल शेजवान. वर जादा मंचुरियन. त्या मंचुरियनचा मांचुरियाशी संबंध नाही. त्याचं श्रेय दिलं जातं नेल्सन वँग यांना, आणि जागा आहे चर्चगेटजवळचा क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, साल १९७५. चीनमधल्या एखाद्या अण्णाला आपण ती भेळ वाढली, तर त्याचं काय होईल याचा आपण कधी विचार केलाय? आपण त्यांच्या नूडल्स तळून भेळेत घातल्या, जपान्यांनी आपल्या रश्श्यात सफरचंद किसलं. हिशेब चुकता आहे. उलट जपान्यांनी निदान ताटाच्या मधोमध बांध घातला. आपण तेवढीही सीमा पाळली नाही.

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी ताट पुसून घेतलं, बोटं चाटली, आणि मॅनेजरला बोलावून म्हणाले, "बाळा, हेच कच्च्या केळ्याचं करता येईल का? कांदा नको. रस्सा आमच्या शाहभाईंसाठी वेगळा. आणि माझ्यात शेजवान." मॅनेजरने वही काढून लिहून घेतलं. तो हसत नव्हता. त्याला उपनगरात धंदा करायचा आहे.

तेव्हा हे होणार, हे धरून चला. वर्षभरात घाटकोपरला जैन काटसू मिळेल, त्यानंतर काटसू-पाव, मग चीज काटसू-पाव. तो कधीतरी विमानाने टोकियोला पोचेल आणि तिथे कुणी आजोबा पहिला घास घेऊन चमचा खाली ठेवतील, पोरांना विचारतील, आपल्या काटसूचं यांनी हे काय केलं? पोरं त्यांना समजावतील की तो तसाच असतो. मुंबईकराने त्या वेळी मध्ये पडू नये. आजोबा जे मागतील ते गोड लोणचं मुकाट्याने आणून द्यावं आणि पैसे लावू नयेत.