आण्णांची मागची ट्रॉली

गळीत हंगाम लागला की आण्णांचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याची वाट धरतो. पुढची ट्रॉली घरची, मागची मेव्हण्याची. तिच्या पाठीवर मेव्हण्याच्या जुन्या ट्रॅक्टरचा नंबर आहे, आणि तो ट्रॅक्टर त्यानं कधीच विकलाय. "नंबर हाय न्हवं? मग झालं तर," हे आण्णांचं मोटार-वाहन-शास्त्र.

बाकी मजकुराला ट्रॉलीवर तोटा नाही. फाळक्यावर 'आई-वडिलांची कृपा', त्याखाली नातवंडांची नावं, दोन्ही अंगाला फुलं. नंबर मात्र कोपऱ्यात, पेंटरचा रंग उरला म्हणून लिहिल्यासारखा.

यंदा आरटीओच्या साहेबांनी गाडी बाजूला घेतली. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ६१. ट्रॉलीची नोंदणी वेगळी, तिचा नंबर तिच्या कुशीवर. आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर सगळ्यात मागच्या ट्रॉलीवर.

"म्हंजे एका ट्रॉलीवर दोन नंबर? माणसाला तरी आस्त्यात का?"

"तुमच्या खिशात फोन किती, आण्णा?"

आण्णांनी त्यातलाच एक काढून आमदारांच्या पीएला लावला. त्यानं उचलला नाही.

नंबर चुकीचा म्हणून कलम १७७, पहिल्या खेपेला ५०० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या खेपेला १५००. "एवढंच व्हय!" म्हणत आण्णांनी पाकीट काढलं. तेवढ्यात साहेबांनी मागच्या ट्रॉलीचं आरसी बुक मागितलं. ते नव्हतंच, ट्रॉली गावातल्या वेल्डरनं जोडलेली, आरटीओचं तोंड न पाहिलेली. म्हणजे कलम १९२, दोन हजारांपासून पाचपर्यंत. वर कलम २०७ खाली ती उसासकट अडकवता येते. इथं आण्णा खरे हलले. तोडलेला ऊस उभ्या उभ्या वाळतो, आणि काट्यावर तेवढं वजन घटतं.

मेव्हण्याला फोन गेला. "दाजी, ट्रॉली मागायला तुमीच आलावता," एवढं बोलून त्यानं ठेवला.

विम्याचा विषय आण्णांपुढं कुणी काढत नाही. अशा ट्रॉलीखाली उद्या कुणी सापडलं तर बिननोंदणीची, बिनविम्याची ट्रॉली विमा कंपनीच्या वकिलाला आयतीच सापडते, आणि भरपाईची नजर आण्णांच्या सातबाऱ्याकडे वळते. दंडाची पावती त्यापुढं किरकोळ.

हंगामात रात्री अशी जोड-ट्रॉली पुढं दिसली, तर अंतर राखून चला. नंबर वाचायला जवळ जाऊ नका. तो बहुधा तिचा नसतोच.