तेहतीस रुपयांनी बुडालेल्या भाऊंस

तेल्हारा, जि. अकोला

प्रिय भाऊ,



तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर निम्मं गाव हसेल आणि उरलेल्या निम्म्याला आपलं नाव का नाही म्हणून राग येईल. बसस्थानकासमोरच्या टपरीवर तुम्ही असता, बाजार समितीत हर्रास संपल्यावर तुम्ही असता, लग्नाच्या पंगतीतही तुम्ही असता. सगळीकडे तुमचा एकच सवाल : "आपल्या टॅक्सच्या पैशावर काहून पोसाचं त्याइले?"

त्याइले, म्हणजे ज्यांना घर नाही त्यांना. शहरी बेघर निवारा केंद्रांवर सरकार पैसा उधळतं, ही बातमी तुमच्या कानावर आली तेव्हापासून तुम्हाला जेवण गोड लागत नाही असं वहिनी सांगत होत्या. म्हटलं, एका करदात्याची झोप उडाली आहे, त्याला हिशेब तरी मांडून द्यावा.

करदाते तुम्ही आहातच. घरपट्टीची थकबाकी तेवढी सोडून. थकबाकीवरची दरमहा दोन टक्क्यांची शास्ती माफ करायची अभय योजना २०२५ साली आली, तेव्हा तुम्ही चौकात पेढे वाटले होते. तेव्हा 'फुकटे' हा शब्द तुमच्या तोंडी नव्हता. 'दिलासा' होता.

असो. हिशेब घ्या. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान २०१३ साली सुरू झालं, त्यातच ही निवाऱ्याची योजना होती. पन्नास जणांचं एक निवारा केंद्र वर्षभर चालवायला, म्हणजे व्यवस्थापक, काळजीवाहू, वीज, पाणी, साफसफाई धरून, अभियानाने ६ लाख रुपये धरले. माणशी वर्षाला १२ हजार झाले. ३६५ ने भागा. एका रात्रीचे ३२ रुपये ८८ पैसे. दर जुना आहे म्हणाल, तर महागाई धरून तिप्पट करा, तरी शंभराच्या आत. तुमच्या मुलाच्या वाढदिवसाला चौकात जो बॅनर लागतो, त्यावर चौदा चेहरे असतात. त्या बॅनरच्या खर्चात एक माणूस किती रात्री झोपला असता ते मी काढलं नाही. वाढदिवस आहे, जाऊ द्या.

आता गंमत ऐका. निकष होता शहराच्या एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांच्या निवाऱ्याचा. आपलं तेल्हारा लाखाच्या जवळपासही जात नाही, म्हणजे निकषाने आपल्या वाट्याला अर्धं निवारा केंद्रसुद्धा येत नव्हतं. ज्या ताटात तुमच्याकडून शितही पडायचं नाही, त्याच्या खर्चाने तुम्ही उपाशी झोपता आहात. याला त्याग म्हणतात, भाऊ.

राज्याचाही आकडा घ्या. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघर मोजले गेले. फलाट, पुलाखाली, देवळाचे ओटे, सगळीकडे प्रगणक कंदील-बॅटऱ्या घेऊन फिरले. महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर माणसं सापडली, त्यातली १ लाख ११ हजारांच्या आसपास शहरांत. त्या वेळी राज्याची शहरी लोकसंख्या ५ कोटी ८ लाख होती. निकष तंतोतंत पाळला असता तरी शंभर-शंभर जणांचे ५०८ निवारे झाले असते आणि शहरांत मोजलेल्यांतली निम्म्याहून अधिक माणसं बाहेरच राहिली असती. ते सगळे निवारे चालवायचा खर्च त्या दराने वर्षाला साधारण ६१ कोटी. बांधकामाचं वेगळं, मान्य. लाडकी बहीण योजनेला २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी ठेवले. त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढत नाही ते बरंच आहे. दारात चारचाकी उभी असून वहिनींचे पंधराशे कसे सुरू झाले, हा विषय मग निघाला असता. गाडी मेहुण्याच्या नावावर आहे, ठाऊक आहे मला.

तुमच्या खिशात एक कात्रण असतं. घडी घालून घालून त्याच्या चार चिंध्या झाल्या आहेत. १२ फेब्रुवारी २०२५ ची सुनावणी. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती भूषण गवई आणि ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्यासमोर शहरी बेघरांच्या निवाऱ्याचंच प्रकरण होतं. न्यायमूर्ती गवई म्हणाले की फुकट धान्य आणि बसल्या जागी पैसे मिळाल्याने लोक कामाला तयार होत नाहीत, आपण परजीवींचा वर्ग तर तयार करत नाही ना? आपण शेतकरी कुटुंबातले आहोत आणि निवडणुकीआधी महाराष्ट्रात वाटलेल्या सवलतींमुळे शेतीला मजूर मिळत नाहीत, असंही ते म्हणाले. "आपला अमरावतीचा माणूस बोल्ला!" म्हणत तुम्ही टपरीवर सगळ्यांचा चहा सांगितलात. पैसे उधारीवर लिहिले, ते वेगळं.

कात्रण तुम्ही जिथे फाडलं, त्याच्या खालीही मजकूर होता. त्याच सुनावणीत वकील प्रशांत भूषण यांनी सांगितलं होतं की काम मिळत असताना काम नको म्हणणारा माणूस क्वचितच सापडेल. शिवाय तो निकाल नव्हता, सुनावणीतलं बोलणं होतं. निकाल हवा असेल तर तीन महिने मागे जा. १३ नोव्हेंबर २०२४. बुलडोझरने घरं पाडण्याच्या प्रकरणात याच न्यायमूर्ती गवईंच्या खंडपीठाने डोक्यावरचं छप्पर हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं लिहून ठेवलं. तेही अमरावतीचेच होते, भाऊ. ते कात्रण तुमच्या खिशात नाही.

पण मजुरांचं तुम्ही म्हणता त्यात दम आहे, म्हणून तिथे थोडं थांबतो. कापूस फुटून वावर पांढरं झालं की वेचणीला माणूस मिळत नाही, हे खोटं नाही. सोयाबीन सोंगायला मिळत नाही, हरभऱ्याला मिळत नाही. मग कोण येतं? वरून, सातपुड्यातून, मेळघाटातून कोरकू माणसं उतरतात. बायको, पोरं, दोन भांडी, एक गोधडी. कोणी कास्तकार गोठ्यात जागा देतो, कोणी टिनाच्या शेडात. ज्यांना तेही मिळत नाही ती बसस्थानकाच्या बाकांजवळ, बाजार समितीच्या शेडखाली, नाहीतर एखाद्या दुकानाच्या ओट्यावर पाठ टेकतात. सकाळी सात वाजता तुम्ही त्याच माणसांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून वावरात नेता. तेव्हा ती 'मजूर' असतात. रात्री दहाला तीच माणसं तुमच्या ओट्यावर आली की 'बेघर' होतात, 'परजीवी' होतात, आणि तुम्ही ओट्याला लोखंडी जाळी ठोकता. जाळी बारा हजारांची आहे असं तुम्हीच सांगत होतात. म्हणजे एका माणसाचा वर्षभराचा निवारा तुम्ही ओट्यावरच ठोकलात.

मजूर मिळत नाही म्हणून तक्रार, आणि मिळालेला मजूर रात्री कुठे झोपतो हे विचारायची सोय नाही. हे कसं जमवता, मला खरंच शिकायचं आहे.

आणि हा निवारा थंडीपुरता लागतो असं समजू नका. ते दिल्लीचं खूळ. तिथे थंडीत माणसं मेली म्हणून २०१० साली सर्वोच्च न्यायालयाला निवाऱ्यांचे आदेश काढावे लागले. आपल्याकडे माणूस उन्हाने मरतो. मे २०२४ मध्ये अकोला जिल्ह्यात उन्हापायी १४४ कलम लावलं होतं, आठवतं? कामगारांना पाणी द्या, पंखे लावा, असा आदेश होता. भर दुपारी घरात राहा असं सगळेच सांगत होते. तुम्ही कूलरसमोर बसून तो सल्ला तंतोतंत पाळला. ज्याच्याकडे घरच नाही त्याने घरात कसं राहायचं, याचा खुलासा मात्र कुठे छापून आला नाही. योजनेत निवारा बाराही महिने, चोवीस तास उघडा ठेवायचा होता तो याचसाठी. पण 'रात्र निवारा' म्हणायची सवय अशी लागली आहे की सकाळी माणसं बाहेर काढून कुलूप लावलं तरी कोणाला वावगं वाटत नाही.

२० डिसेंबरला गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला तुम्ही खराटा धरून उभे होता, फोटो पाहिला. नवा खराटा, पांढरा सदरा, झाडलेली जागाच पुन्हा झाडताना. बाबा आपलेच. जन्म अमरावती जिल्ह्यातला, लहानपण मामाकडे मुर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला, शेवट १९५६ साली अमरावतीच्या वाटेवर. आयुष्यभर लोकांकडून मागितलेल्या पैशाचं त्यांनी काय केलं? पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई इथे धर्मशाळा बांधल्या. मुंबईत दवाखान्यात आलेल्या गरीब रोग्यांच्या नातेवाइकांना टेकायला जागा केली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. बेघरांना आसरा हे त्यांच्या दशसूत्रीतलं एक कलम आहे. सरकारने बाबांचा खराटा उचलला, त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छतेची स्पर्धा लावली आणि धर्मशाळा पंढरपुरातच ठेवून दिली. तुम्ही तरी काय वेगळं केलंत? खराट्याचा फोटो निघतो. धर्मशाळेचं वीज बिल येतं.

तरीही खर्चाचा जाब विचारूच नये असं मी म्हणत नाही. विचारा, जोरात विचारा, पण योग्य दारात. अभियानातली देखभालीची मदत पाच वर्षांची होती. पुढे नगरपालिकेने पैसा कुठून आणायचा, हे कोणी नीट ठरवलं? खुद्द अभियानाची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. त्याआधी, निवाऱ्यांचा पैसा राज्यांकडे जाऊनही निवारे का उभे राहिले नाहीत हे शोधायला सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांची समिती नेमली. तिचं कारण होतं न झालेला खर्च.  एखादा निवारा रिकामा दिसला की तुम्ही म्हणता, "पाहा, गरजच नाही." गरज आहे, भाऊ. निवारा रोजगाराच्या जागेपासून लांब असतो, बायको-पोरांना वेगळं राहावं लागतं, गाठोडं ठेवायला कपाट नसतं, आधार कार्ड मागतात. काळजीवाहू माणसाचा पगार महिनोन्‌महिने थकतो आणि तो गेला की दाराला कुलूप. रजिस्टरवर मात्र पन्नास नावं. हे विचाराल, तर मी तुमच्या सोबत अर्ज लिहून देईन. माहितीच्या अधिकाराचे दहा रुपयेही मी भरीन. तुमच्यावर भार नको.

राहता राहिलं तुमचं जिनिंगमागचं गोदाम. कापसाचा हंगाम संपला की ते रिकामंच असतं. पत्रे चांगले आहेत, हातपंप जवळ आहे, बसस्थानक चालत पाच मिनिटांवर. उद्या नगर परिषदेने पंचवीस माणसांसाठी ते भाड्याने घ्यायचं ठरवलं, तर तुमचा दर काय असेल तेवढं कळवा. मी मुख्याधिकाऱ्यांना देण्याच्या अर्जात ती जागा रिकामी सोडली आहे. अनामत रक्कम आणि वार्षिक दहा टक्के वाढ मी आपणहून लिहून ठेवली आहे. तुम्ही ती सुचवाल याची मला खात्री होती.

आपला,
तुमच्या ओट्यासमोर राहणारा

ता. क. : जाळीच्या कारागिराचं बिल अजून बाकी आहे म्हणतो. तोही मजूरच आहे.