खोट्या कुस्तीची ओरिजिनल कॅसेट

दिसायला हा माणूस तुमच्याआमच्यासारखाच असतो. वय पंचेचाळिशी ओलांडलेलं, नोकरी बँकेत, विम्यात नाहीतर हिंजवडीला. पोट सुटलेलं, गुडघे कुरकुरणारे आणि तालमीची पायरी जन्मात न चढलेला. चारचौघांत त्याला ओळखण्याची युक्ती सोपी आहे. त्याच्या देखत सहज म्हणा, "आमचा धाकटा हल्ली डब्ल्यूडब्ल्यूई बघतो." वाक्य पुरं व्हायच्या आत दुरुस्ती येते, "एफ! डब्ल्यूडब्ल्यूएफ." यानंतरचा अर्धा तास तुमचा नाही.

त्या अर्ध्या तासात तुम्हाला सांगण्यात येतं, की 2002 साली त्या अमेरिकी कुस्ती-कंपनीला नाव बदलावं लागलं, कारण तीच अक्षरं लावणारी वन्यजीवांची संस्था इंग्लंडच्या कोर्टात गेली आणि जिंकली. त्या संस्थेचं बोधचिन्ह पांडा. "होगन, रॉक, ट्रिपल एच, अंडरटेकर, असे एकाहून एक गडी पदरी असताना," तो कळवळून सांगतो, "चीत कुणी केलं? पांडानं!" आपण हसावं की सांत्वन करावं, हे ठरवेपर्यंत तो पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो.

या माणसाला कुस्तीशौकीन समजण्याची चूक करू नका. शौकीन कुस्ती बघतो, ओरडतो, जेवतो आणि झोपतो. हा कॅसेटवाला आहे. "अहो, पण त्या मारामाऱ्या खोट्या असतात ना?" असं त्याला विचारलं तरी तो चिडत नाही. "ठरलेल्या असतात," तो शांतपणे कबूल करतो. कोण जिंकणार ते आधी ठरतं, खुर्ची कुणाच्या पाठीत कधी बसणार तेही ठरतं, सगळं त्याला मान्य. पण हौसेनं मागवलेली कॅसेट डुप्लिकेट निघाली, तर मात्र त्याला रात्रभर झोप लागत नाही. कुस्ती खोटी चालेल, कॅसेट ओरिजिनल पाहिजे, हे त्याच्या आयुष्याचं एकमेव तत्त्वज्ञान.

गंमत म्हणजे हा ओरिजिनलचा आग्रह धरणारा इसम वाढला तो नकली मालावर. नव्वदीच्या सुरुवातीला गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्रऱ्या होत्या. जिन्याखालची खोली, लोखंडी मांडण्या, वरच्या कप्प्यांत हिंदी सिनेमे आणि अगदी खाली, गिऱ्हाइकाला वाकावं लागेल अशा जागी, कुस्तीच्या कॅसेटी. डिपॉझिट भरायचं, वहीत सही करायची आणि "उद्या सकाळी रिवाइंड करून आणून दे" हा दम ऐकून कॅसेट शर्टाच्या आत लपवून घरी न्यायची. पांढऱ्या पट्टीवर बॉलपेननं लिहिलेलं असे, 'रेसलमेनिया, फुल फायटिंग'. ती कुणाच्या तरी दुबईच्या काकांनी आणलेल्या कॅसेटच्या कॉपीची कॉपी असे. चेहरे ओळखू येत नसत. पिवळं हललं की होगन, गुलाबी हललं की ब्रेट हार्ट आणि काहीच हललं नाही की अंडरटेकर. ऐन रंगात आलेली लढत अचानक तुटे आणि खालचं जुनं रेकॉर्डिंग वर येई, म्हणजे कुणाच्या तरी लग्नातले सप्तपदीचे विधी. सुरुवातीला मात्र अमेरिकेच्या एफबीआयची सूचना न चुकता असे. चोरून कॉपी करू नका, ही ताकीदसुद्धा चोरून कॉपी झालेली!

लायब्ररीत जे भागत नसे ते शाळेत भागे. ट्रम्प कार्डांवर पैलवानाची उंची, वजन, छाती आणि दंड छापलेले असत. वर्गातल्या कित्येकांना आपल्या आजोबांचं वय सांगता येत नसे, पण योकोझुनाचं वजन पाठ असे. आकड्यांवरची ती श्रद्धा या माणसानं आजही सोडलेली नाही. 29 मार्च 1987 ला पॉन्टिअ‍ॅकच्या सिल्व्हरडोममध्ये तिसरा रेसलमेनिया, म्हणजे कंपनीचा कुस्त्यांचा वार्षिक मेळा, झाला. होगननं आंद्रे द जायंटला उचलून आपटलं ते तिथं. आंद्रेचं जाहीर केलेलं वजन 520 पौंड. आंद्रेनं स्वतःला उचलू दिलं नसतं तर ते जमलं नसतं, हे आपला माणूस मानतो. वजन थोडं वाढवून सांगितलं असेल, हेही मानतो. कंपनीनं प्रेक्षकांचा आकडा मात्र 93,173 असा सांगितला आणि तो फुगवलेला असल्याचं अनेक जाणकार म्हणतात. इथं त्याचा तोल जातो. वाद फारच वाढला तर 93 हजारांबद्दल तो एखाद वेळेस तडजोड करील, वरच्या 173 माणसांना मात्र बाहेर काढू देणार नाही.

मिळवायला लागल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते ओरिजिनल गोळा करण्याचं. त्याच्या पंथाचं पीठ म्हणजे कोलिसियम व्हिडिओ. 1985 पासून 1997 पर्यंत डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कॅसेटी अमेरिकेत या नावानं निघत. सुरुवातीच्या काळातले ते मोठाले प्लॅस्टिकचे डबे आणि आतल्या मजकुराहून भडक कव्हरं. नावं तरी काय एकेक! 'ब्लूपर्स, ब्लीप्स अँड बॉडीस्लॅम्स', 'ग्रजेस, ग्राइप्स अँड ग्रंट्स', 'इनसाइड द स्टील केज'. काही लढती तर टीव्हीवर दाखवतच नसत, त्या फक्त कॅसेटवरच. निवेदनाला शॉन मूनी, समालोचनाला गोरिला मॉन्सून आणि बॉबी हीनन. या दोघांची जुगलबंदी तो तोंडपाठ म्हणून दाखवतो, दोन्ही आवाज काढून. ऐकणाऱ्याला दोन्ही आवाज सारखेच वाटतात, पण तसं बोलून दाखवायची छाती कुणाला होत नाही.

या कॅसेटी त्याच्या घरी दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात असतात. क्रम तारखेचा नाही, नावाचा नाही, कव्हरावरच्या नंबराचा. मधला एखादा नंबर नसेल तर तेवढी जागा मोकळी. पाहुणे समजतात कुणीतरी उसनी नेली असेल. तो समजावून सांगतो, "नेली नाही, यायची आहे." बायकोचं म्हणणं थोडक्यात असतं, "आमच्या लग्नाचा अल्बम माळ्यावर, आणि हे उघडे बापे दिवाणखान्यात."

पावसाळा हा त्याचा खरा शत्रू. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत टेपला पांढरी बुरशी धरते. घरात कुणीही नवीन चपला आणल्या, की खोक्यातली सिलिका जेलची पुडी आधी त्याच्या हाती द्यायची असा नियम असतो. मे महिन्यात इतर घरांत कुरडया-पापड वाळतात, तेव्हा हा एकेक कॅसेट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून घेत बसतो. व्हीसीआर तीन असतात. एक चालतो, दोन त्याला सुटे भाग पुरवण्यासाठी जिवंत ठेवलेले. जुलै 2016 मध्ये जपानच्या फुनाई कंपनीनं व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्या आठवड्यात घरी गोडाधोडाचं काही करू नये असं त्यानं सुचवल्याचं सांगतात. हेड साफ करून देणारा, बेल्ट बदलून देणारा म्हातारा मेकॅनिक हाच आता त्याचा एकमेव आधार. त्याच्या रक्तदाबाची चौकशी हा सख्ख्या भावापेक्षा जास्त वेळा करतो.

अमेरिकेत या जमातीची थोरली पाती आहे. तिथं लोक टपालानं एकमेकांना याद्या पाठवत, कुठली कॅसेट कितव्या पिढीची कॉपी आहे ते प्रामाणिकपणे लिहीत आणि जपानमधल्या लढतींच्या बदल्यात फिलाडेल्फियाच्या जुन्या बिंगो हॉलमधल्या ईसीडब्ल्यू या दुसऱ्या कंपनीच्या लढती मागवत. कुस्ती-पत्रकार डेव्ह मेल्टझर आपल्या वार्तापत्रात लढतींना तारे देई आणि तारे जास्त, तितकी कॅसेट दुर्मीळ. इथल्या कॅसेटवाल्याचा या पातीशी संबंध न्यू जर्सीच्या मावशीमार्फत. मावशी दर दोन वर्षांनी येते. बाकीचे भाचे तिच्याकडे बदाम आणि चॉकलेटं मागतात, हा गराज सेलमधल्या कॅसेटींची यादी पाठवतो. मावशी बिचारी इरकली साडीच्या घडीत रँडी सॅव्हेजला गुंडाळून आणते. "अरे, हा कोण रे? याला शर्ट का नाही?" एवढंच तिचं विचारणं. कॅसेट आल्यावर कळतं, की ती एनटीएससी आहे आणि आपल्याकडे पाल. साध्या व्हीसीआरवर चित्र काळंपांढरं होतं आणि वरून खाली पळत सुटतं. मग दोन्ही पद्धतींच्या कॅसेटी चालवणारा चौथा व्हीसीआर शोधणं आलं. बायकोला सांगताना त्याची गणना 'सुट्या भागां'त होते.

डीव्हीडीवर त्याचा राग आहे आणि तो निव्वळ हट्टाचा नाही. पांडाच्या निकालानंतर कंपनीनं जुनी दृश्यं पुन्हा बाजारात आणली तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएफ काळातलं आपलं शेवटचं बोधचिन्ह धूसर करून टाकलं आणि समालोचनातला 'एफ'सुद्धा कापला. रॉक जिंकतोय, पण पाठीमागे धुकं. विलायतेत मात्र सिल्व्हर व्हिजन नावाच्या वितरकानं 'टॅग्ड क्लासिक्स' म्हणून जुन्या लढतींच्या डीव्हीडी काढल्या. त्यांत चिन्ह स्वच्छ आणि 'एफ' शाबूत. तेवढ्या डीव्हीडींना त्याच्या कपाटात मानाची जागा. कंपनी आणि पांडावाली संस्था यांच्यात 2012 साली समेट झाला आणि धुकं निवळलं, तरी यानं मनातून माफ केलेलं नाही.

त्याचा सगळ्यात आवडता विषय म्हणजे दोन अंडरटेकर. 1994 च्या समरस्लॅममध्ये खरा अंडरटेकर तोतया अंडरटेकरशी लढला. तोतया म्हणजे ब्रायन ली. आपल्याकडे तेव्हा अफवा होती, की अंडरटेकर सात वेळा मेला आणि दर वेळी परत आला. दोन वर्षांनी 'खिलाडियों का खिलाडी' आला. अक्षयकुमारनं त्यात अंडरटेकरला लोळवलं आणि थिएटरं दणाणली. तो अंडरटेकरही ब्रायन लीच होता! हे सांगताना कॅसेटवाल्याचा आवाज कापरा होतो. "म्हणजे बघ, ठरलेल्या कुस्तीतला तोतया आणून सिनेमातल्या खोट्या कुस्तीत खरा म्हणून उभा केला, आणि आपण पायरेटेड कॅसेटवर बघून टाळ्या वाजवल्या." इतका सलग खोटेपणा दुसऱ्या कुठल्याही कलेत मिळणार नाही, हे त्याचं म्हणणं खोडून काढणं अवघड आहे.

त्याच्या आवाजाला लगाम घालू शकणारा एकच माणूस घरात असतो. त्याचे वडील. कोल्हापूरच्या बाजूचे, खासबागेच्या मैदानात लाल मातीवरच्या लढती पाहिलेले. "कुस्ती खाशाबांची! बावन्न साली हेलसिंकीला ब्राँझ आणलं त्या गड्यानं. तुझा तो पिवळ्या लंगोटाचा म्हातारा काय कुस्ती करणार?" मुलगा निमूट ऐकतो. वडील पाण्याचा घोट घेतात तेवढ्यात तो हळूच विचारतो, "दादा, वरळीच्या स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँगच्या फ्रीस्टाइलला तुम्ही गेला होतात ना?" दादा चष्मा पुसू लागतात. "ते निराळं होतं," ते म्हणतात. काय निराळं होतं, ते सांगत नाहीत. 2018 साली डब्ल्यूडब्ल्यूईनं दारासिंगांचं नाव आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घातलं, तो कागद मुलानं तयारच ठेवलेला असतो. त्यानंतर त्या घरात पैलवानकीवर चर्चा होत नाही. फक्त एकदा दुपारी, मुलगा ऑफिसला गेलेला असताना, दादांनी सुनेला हळूच विचारलं होतं, "तो व्हीसीआर कसा लावतात गं?"

आता हे सगळं फोनवर मिळतं, हे त्याला कुणी सांगायला नको. बसमध्ये उभ्यानं पहिला रेसलमेनिया बघता येतो, आणि तोही लायब्ररीतल्या कॉपीच्या शंभरपट स्पष्ट. कॅसेटवाल्यानं तो फोनवर पाहिलाही. होगनच्या कपाळावरचा घाम दिसला, मुठी गालाला न लागताच फिरताना दिसल्या, पडणारा पैलवान पडायच्या आधी जागा बघून घेताना दिसला. त्याला वाईट वाटलं ते याचंच. कॉपीच्या कॉपीत हे काही दिसत नसे, म्हणून तेव्हा ते सगळं खरं होतं. तरीही तो ओरिजिनलच जमवतो आणि क्वचितच लावतो, कारण लावली तर टेप झिजते. म्हणजे ज्या कॅसेटी पाहिल्या त्या आज त्याच्याकडे नाहीत, आणि ज्या आहेत त्या तो पाहत नाही. माझ्या मते या शहाण्या जगात इतकं निरुपद्रवी वेड दुसरं नाही. क्रिकेटवाल्यांसारखा तो सट्टा लावत नाही, राजकारणवाल्यांसारखा शेजाऱ्याशी बोलणं सोडत नाही. त्याच्या लढतींचे निकाल तीस-चाळीस वर्षांपूर्वीच लागलेले आहेत.

म्हणून एक विनंती. तुमच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, होगन किंवा ब्रेट हार्ट छापलेली एखादी कॅसेट सापडली, तर भंगारवाल्याला देऊ नका. ओळखीतल्या अशा एखाद्या माणसाला फोन करा. फक्त संध्याकाळ मोकळी ठेवा, आणि तो घरी येईपर्यंत कव्हर पुसायला जाऊ नका.