इम्पॅक्टकाका

पक्षीमित्रांच्या गटात दोन जातींची माणसं असतात. एक पक्षी मोजणारी आणि दुसरी, पक्षी मोजणाऱ्यांना मोजणारी. आमचे इम्पॅक्टकाका दुसऱ्या जातीचे. बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झालेले. गळ्यात दुर्बीण नाही, हातात क्लिपबोर्ड.

फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. कुठंही किमान १५ मिनिटं थांबायचं, दिसतील ते पक्षी टिपायचे आणि यादी ‘ईबर्ड’वर टाकायची. काकांचा फॉर्म भरायला मात्र वीस मिनिटं लागतात. ‘फेरीपूर्वी’ आणि ‘फेरीनंतर’ असे त्याचे दोन भाग. वेताळ टेकडीवर कुणी ओरडलं, “तो बघा शिंजीर!” की काका म्हणणार, “शिंजीर दिसला हे आउटपुट झालं हो. आउटकम कुठाय?” तोवर शिंजीर आउट.

एकदा गटातल्या एका मुलीनं त्यांना सुनावलंच, “काका, २०२३चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवाल बघा. तीस हजारांहून जास्त हौशी लोकांच्या तीन कोटी नोंदी. त्यांवरून ९४२ जातींचा आढावा घेतलाय. आणखी काय इम्पॅक्ट पाहिजे?”

“पक्ष्यांचं कळलं,” काका म्हणाले. “त्या तीस हजारांचं काय झालं? माणसात फरक पडला का?”

प्रश्न बिनतोड होता. पंचाईत उत्तरानं केली.

यंदा सोसायटीचे वॉचमन मामाही फेरीला आले होते. ‘पक्ष्यांची माहिती, १ ते ५’ यात त्यांनी फेरीपूर्वी ऐटीत पाच लिहिले, फेरीनंतर दोन. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. “मामा, हा तर निगेटिव्ह इम्पॅक्ट!”

“साहेब, सकाळपर्यंत बारकं दिसलं की चिमणी म्हणायचो. त्यातलं एक मुनिया निघालं, एक वटवट्या, एक चंडोल. आता पाच कुठल्या तोंडानं लिहू?”

काकांनी जागच्या जागी फॉर्ममध्ये नवा प्रश्न घातला : ‘आपल्याला किती कमी कळतं, हे आता किती कळतं?’

मामांनी पाचावर गोल केला आणि विचारलं, “साहेब, पुढच्या वर्षी हा आकडा वाढायला पाहिजे की उतरायला?”

ऑडिटच्या भाषेत सांगायचं तर हा मुद्दा अद्याप प्रलंबित आहे.